दोघींतली एकच

डिसेंबर लागला की कोपरखैरण्यात थंडी पडते, असं आम्ही एकमेकांना सांगत असतो. खरं तर ती पहाटे येते, गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलवर जराशी टेकते आणि ऑफिसच्या बसगाड्या सुटायच्या आत निघूनही जाते. पण तेवढ्या निमित्ताने सगळी सोसायटी स्वेटर बाहेर काढते. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात कारखान्यांचा आंबूस वास मिसळलेला असतो, समोरच्या इमारती धुरकट दिसतात आणि भाजीवालीकडे वालाच्या कोवळ्या शेंगा यायला लागतात.

परवा त्या शेंगांची पिशवी घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले, तर खालच्या मजल्यावरची श्रुती आधीच आत होती. तिची लेक चौथीत आहे. मला बघताच म्हणाली, "ताई, प्रज्ञा वर्गाचा मेसेज आला. तुमची ओवी होती ना त्यात? काय काय करून घेतलं होतंत तुम्ही? मला तर झोपच येत नाहीये."

तिच्या डोळ्यांखाली खरोखरच काळं आलं होतं. "शनिवारी चहाला ये, बोलू," एवढंच मी म्हटलं. घरी येऊन शेंगा निवडायला बसले खरी. पण शेंगांच्या त्या हिरव्या, किंचित उग्र वासाबरोबर माझ्या मुलींच्या चौथीचा हिवाळा स्वयंपाकघरात येऊन बसला.

मुक्ता आणि ओवी जुळ्या. आता आठवीत आहेत, उंचीने माझ्या कानाला लागतात. दिसायला एकसारख्या कधीच नव्हत्या. तरी लहानपणी लोक त्यांना एकाच मुलीसारखं वागवायचे, कारण दोघींच्या वाटचं मुक्ताच बोलायची. डॉक्टरांनी ओवीला विचारावं, "काय होतंय बाळा?" आणि मुक्ताने सांगावं, "हिचा कान दुखतोय. उजवा. काल रात्रीपासून." वाढदिवसाला कुणी ओवीला विचारलं केक कसा आहे, तर उत्तर मुक्ताकडून, "तिला आवडला. पण तिला वरची चेरी नकोय." आणि ते सगळं बरोबर असायचं. ओवी शेजारी उभी राहून मान हलवायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुकच वाटायचं. देवाने एकीला तोंड दिलं आणि एकीला कान, असं मी माझ्या आईला फोनवर सांगून हसायचे.

एक सकाळ आठवते. शाळेची बस येताना आम्ही फाटकाशी उभ्या होतो. ओवी खाली वाकून चाकाकडे बघत होती. म्हणाली, "आई, चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो ना, तो तेवढ्या वेळापुरता थांबलेला असतो का?" मी म्हटलं, "चल चल, बस सुटेल." मुक्ता तोवर चढून खिडकीची जागा पकडून बसली होती आणि आतून ओवीचं नाव घेऊन ओरडत होती. तो प्रश्न नंतर नितीनला, माझ्या नवऱ्याला, मी विनोद म्हणून सांगितला. तो मात्र हसला नाही. महापेच्या कंपनीत दिवसभर यंत्रांशी डोकं लावणारा माणूस तो. जेवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "अगं, असतो की."

त्या वर्षी शाळेने पहिल्यांदा प्रज्ञा वर्ग काढला. शाळेच्या सगळ्या शाखांमधली चौथीतली मुलं पारखायची, त्यातली मोजकी निवडायची आणि पाचवीपासून त्यांचा वेगळा वर्ग जुईनगरच्या शाखेत भरवायचा, अशी ती योजना. पहिली चाचणी शाळेत सगळ्यांचीच झाली. तीत आमच्या दोघींचीही नावं आली आणि आमच्या घराचा नूर पालटला.

त्या काळातली मी आता आठवली की हसू येतं. मी पोळ्या लाटताना कोडी घालायचे. भिजवलेले बदाम, सोललेले बदाम, दुधातले बदाम. पालकांच्या ग्रुपवर कुणी सांगितलं की बुद्धिबळ हवं, म्हणून पट आला. कुणी सांगितलं की आकृत्यांची पुस्तकं हवीत, म्हणून वाशीहून ती आणली. उद्यानातल्या बाकांवर बायका एकमेकींच्या मुलांची चौकशी अशा सहज आवाजात करायच्या, की त्या आवाजावरूनच कळावं, यात सहज काही नाही. नितीन म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ गं, मुलं आहेत ती, रॉकेट नाही सोडायचंय." आणि हेच सांगणारा माणूस आंघोळीला जाताना मुक्ताला विचारायचा, "सांग बघू, सतराचा वर्ग किती?"

मुक्ताला विचारायचा. मीही मुक्तालाच विचारायचे. ती चटकन उत्तर द्यायची, चुकली तर खळखळून हसायची, पुन्हा विचार म्हणायची. तिला शिकवण्यात मजा होती. ओवी जवळच बसलेली असायची. तिचं आपोआप होत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसरी फेरी जुईनगरला झाली, शनिवारी सकाळी. मुलांना एका मोठ्या खोलीत नेलं आणि आम्हा पालकांना बाहेर व्हरांड्यात खुर्च्यांवर बसवलं. आत मुलांसमोर दोऱ्या, ठोकळे, तराजू, पाण्याची भांडी ठेवली होती आणि बाई नुसत्या बघत होत्या, असं नंतर कळलं. व्हरांड्यात मात्र आम्हीच परीक्षेला बसल्यासारखे होतो. एका वडिलांनी डबा उघडून थालीपिठाचा वास सोडला, तेव्हा कुठे दोनचार जण हसले.

बाहेर आल्यावर मुक्ताने जिन्यापासून रिक्षापर्यंत सगळं सांगितलं. कोण रडलं, कुणी पाणी सांडलं, तिने ठोकळ्यांचा पूल कसा केला, बाई तिला काय म्हणाल्या.

"आणि ओवीने काय केलं?" मी विचारलं.

"ती दोरी घेऊन बसली होती. सगळा वेळ. मी तिला सांगितलं पण, की दुसरं काहीतरी घे."

मी ओवीकडे बघितलं. "छान होतं," ती म्हणाली. ती असं स्वतःहून क्वचितच म्हणायची. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की अरेरे, हिने नुसती दोरी घेतली.

जानेवारीत आम्हा दोघांना बोलावणं आलं. त्या वर्गाच्या प्रमुख परांजपे मॅडम साध्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ओवीची निवड झालीये. अभिनंदन."

मी म्हटलं, "मॅडम, मुक्ता ना?"

"नाही. ओवी."

"नाव एकदा पुन्हा बघता का?"

हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं. मॅडम रागावल्या नाहीत. कदाचित त्या आठवड्यात त्या खुर्चीवर त्यांनी अशी वाक्यं आणखीही ऐकली असतील. म्हणाल्या, "मुक्ता फार गोड मुलगी आहे आणि हुशारही आहे. ती कुठल्याही वर्गात मजेत शिकेल, तिथल्या बाकीच्यांनाही शिकवेल. ओवीचं वेगळं आहे. तिने दोरीला गाठी मारून आम्हालाच एक प्रश्न घातला. आम्ही सगळ्या शिक्षिका मधल्या सुट्टीत तो सोडवत बसलो होतो. तिला तिच्यासारखा विचार करणारी चार मुलं भेटायला हवीत. महिनाअखेर कळवा."

बाहेर आलो. स्टेशनबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. आम्ही ग्लास हातात घेऊन उभे राहिलो, पण दोघांपैकी कुणी पीत नव्हतं.

"मलाही वाटलं की नाव चुकलं असेल," नितीन शेवटी म्हणाला. "तू विचारलंस, एवढाच फरक."

आपल्या पोरीचं कौतुक ऐकून आपल्याला धक्का बसावा, याची ती लाज होती. आणि त्या लाजेच्या पोटातच दुसऱ्या पोरीचं तोंड दिसत होतं. एकीला काय सांगायचं आणि दुसरीला काय? जन्मल्यापासून ज्यांचे डबे, रिबिनी, तापही बरोबरीने आले, त्यांतल्या एकीचंच नाव घेऊन घरी कसं जायचं? महिनाअखेरपर्यंत घरात काही बोलायचं नाही, एवढंच आमचं ठरलं.

ते ठरणं रविवारपर्यंतच टिकलं.

नितीनचं घर इथलंच, जुन्या गावातलं. आमच्या सेक्टरच्या मागे रस्ता अरुंद होतो, देऊळ लागतं, सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, ते त्याचं गाव. मी लग्न होऊन कराडकडून आले, तेव्हा मला सगळ्यात आधी आवडली ती इथली पोपटी. जानेवारीत मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ. तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. त्या रविवारी संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत पोपटी लागली होती. मुली भावंडांबरोबर जाळाभोवती नाचत होत्या. धुराला भांबुर्डीचा तो कडवट-गोड वास होता.

माझे सासरे खाटेवर बसले होते. ते मला सून कमी आणि पाहुणी जास्त समजतात, म्हणजे खूप जपतात. म्हणाले, "काय झाला? तोंडा का उतरली तुमची?"

नितीनने हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून पुन्हा सांगितलं.

"आमी दोगं भाव," ते म्हणाले. "बापानं मना शालंत घातला, त्याला मिठागरावर नेला. मना नोकरी लागली, माझा पगार सुरू झाला. तो मरंपर्यंत यावर येक सबूद बोलला नाय. बोलला असता, भांडला असता, तं बरा झाला असता." मग माझ्याकडे वळून, "पोरी येगल्या करू नुका."

"बाबा, हळू बोला," मी म्हटलं. कारण कमी ऐकू येणारी माणसं बोलतात मोठ्याने, आणि पुढचं वाक्य त्यांनी अंगणभर ऐकू जाईल असं म्हटलं: "ओवी येकटीच निवडली म्हनून काय झाला? मुक्ता काय कमी हाय?"

जाळाशी उभी असलेली मुक्ता वळली. तिच्या हातात रिकामी पत्रावळ होती.

"ओवीची झाली?" तिने विचारलं. "आणि माझी नाही?"

मडक्याभोवती काटक्या तडतडत होत्या.

"म्हणजे मी हुशार नाहीये का?"

मी उठून तिच्याजवळ गेले. तिला जवळ घेत मी म्हटलं, "आहेस गं. खूप आहेस. ओवीचं डोकं वेगळ्या वाटेने चालतं, त्या वाटेवरची शाळा आहे ती." हे खरंच होतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला खऱ्याचा काय उपयोग! ती माझ्या हातातून अलगद सुटली.

आणि तेव्हा ओवी म्हणाली, "मी नाही जाणार."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "मुक्ता नाही तर मी नाही," ती पुन्हा म्हणाली आणि मुक्ताच्या फ्रॉकचं टोक धरून उभी राहिली.

सासऱ्यांनी मान हलवली, छान झालं अशा अर्थाने. नितीनने श्वास सोडला. आणि मीही. पोरीनेच ठरवलं, आता आपल्याला काही ठरवायला नको. किती हलकं वाटलं होतं ते! मडकं उघडलं, वाफ आली, आम्ही सगळे शेंगांवर तुटून पडलो. मुक्ताने दोन शेंगा खाल्ल्या आणि हात धुतले.

पुढचे दिवस मात्र घर नीट चालेना. मुक्ता बोलायची बंद झाली. भांडत नव्हती, रडत नव्हती. नुसती गप्प. तिच्या गप्प बसण्याने घरात किती जागा रिकामी होते, ते आम्हाला तेव्हा कळलं. पाववाला बेल वाजवून गेला तरी मुक्ताने नेहमीसारखी त्याची नक्कल केली नाही. ओवी बिचारी तिच्या मागे मागे फिरायची. आपली खोडरबरं तिला द्यायची, आंघोळीला आधी जाऊ द्यायची, पोळीचा पापुद्रा काढून तिच्या ताटात ठेवायची. मी नितीनला म्हटलं, "बघ किती समजूतदार आहे." तो म्हणाला, "हो, पण मला भीती वाटतेय त्या समजूतदारपणाची."

मग एका संध्याकाळी भांडण झालं. कारण अगदी क्षुल्लक. खिडकीजवळच्या पलंगावर कुणी झोपायचं, हे. पाळी ओवीची होती. मुक्ता तिथे आडवी पडली होती. ओवी म्हणाली, "राहू दे, तूच झोप. तुला आवडतं ना."

मुक्ता ताडकन उठून बसली. "सारखं सारखं काय गं देतेस मला?"

मी दारात थबकले. मागून नितीनही आला.

"आणि तू त्या वर्गात का नाही जात?" मुक्ता ओरडली.

"तुझी नाही झाली म्हणून."

"मी सांगितलं होतं का तुला? आता पुढे कधीपण भांडण झालं की तू मला हेच ऐकवणार. 'तुझ्यामुळे मी नाही गेले.' आणि नाही ऐकवलंस तरी मनात म्हणणार. मला नकोय ते. मला राग आलाय, तर येऊ दे ना राग! तू जा. तुला जायचंय. तुला ती दोरीवाली शाळा आवडली होती. मला माहितीये, कारण तू 'छान होतं' म्हणालीस. तू कधीच म्हणत नाहीस."

ओवी रडायला लागली. मग मुक्ताही रडायला लागली. मग दोघी एकाच पलंगावर, एकमेकींना ढकलत, पायाने पांघरूण ओढत रडत राहिल्या. आम्ही आत गेलो नाही. सासऱ्यांनी आयुष्यभर ज्या भांडणाची वाट पाहिली आणि जे कधी झालंच नाही, ते माझ्या घरात रिबिनी सुटेस्तोवर चाललं होतं आणि मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं.

थोड्या वेळाने मी चहा करायला वळले, तर नितीन डोळे पुसत म्हणाला, "उद्या सकाळी मॅडमना फोन करतो."

जूनपासून दोघींच्या बसगाड्या वेगळ्या झाल्या. ओवीची आधी यायची. पहिल्या दिवशी ती पायरीवर चढली, वळून बघितलं. तिच्यामागे कुणी नव्हतं. खिडकीची जागा तिला हवी होती की नको होती, कुणास ठाऊक. बस गेल्यावर मुक्ता माझा हात धरून उभी राहिली. हात धरायची सवय तिने केव्हाच सोडलेली होती.

सोपं काहीच झालं नाही. परांजपे मॅडमचा फोन आला: ओवी वर्गात बोलतच नाही. समोरून प्रश्न आला की शेजारी बघते. इकडे मुक्ताच्या बाईंनी सांगितलं, की ती उत्तर देते आणि मग थोडं थांबते, जणू अजून एकाच्या वाटचं सांगायचं राहिलंय. दोन शाळांमध्ये दोघी बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. नितीन वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाला, "परत आणू या का तिला?" मीही अनेकदा तसंच ठरवायचे आणि संध्याकाळी ओवीचं दप्तर उघडलं की त्यात कागदाच्या घड्या, चाकांची चित्रं, दुसऱ्या कुणा मुलाच्या अक्षरातले प्रश्न दिसायचे, आणि मी गप्प बसायचे. मॅडम म्हणायच्या, थांबा. आम्ही थांबलो. आईबापांच्या कामातलं हे सगळ्यात अवघड काम असावं. बदाम भिजवणं कितीतरी सोपं.

श्रुतीला मी काय सांगणार? तयारीचं विचारते आहे ती. मी तिच्या लेकीबद्दल विचारीन. ती काय बघते, कशापाशी थांबते, कुणाच्या मागे उभी राहते. आणि वर्ग मिळो न मिळो, मुलीला राग आला तर येऊ दे, एवढं नक्की सांगेन.

आमच्याकडचं त्या वर्षीचं पहिलं पाऊल पडलं ते गणपतीच्या आसपास, एका अगदी साध्या रात्रीच्या जेवणात. ताटात भेंडीची भाजी होती. मुक्ता तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी नव्या चष्म्याबद्दल सांगत होती. मध्येच ओवी म्हणाली, "आज आमच्याकडे पाल आली."

मुक्ता थांबली. आम्हीही थांबलो.

"सरांच्या टेबलाच्या खणात होती. सरांनी खण उघडला आणि ते डायरेक्ट खुर्चीवर चढले. सगळी मुलं ओरडायला लागली. पाल घाबरून गोल गोल फिरत होती. मला कळत होतं की कुठून गेली तर ती बाहेर पडेल, पण कुणी ऐकतच नव्हतं." ओवीने घास गिळला. "मग मी उभी राहिले आणि ओरडले, 'ए, सगळे गप्प बसा!' एकदम मोठ्याने. अगदी मुक्तासारखं."

मुक्ताच्या हातातला घास तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मी आई असूनही सगळं वाचू शकले नाही. पालीचं पुढे काय झालं असेल, हे तिच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं. या घरातल्या सगळ्या गोष्टी आजवर तिनेच तर पूर्ण केल्या होत्या. पण ही तिला माहीत नव्हती. ती तिथे नव्हतीच.

तिने घास ताटात ठेवला, पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली आणि दोन्ही हातांवर हनुवटी टेकली.

"मग?" ती म्हणाली.

आणि ओवी सांगायला लागली.